डनवॅरिकचं पुढचं दार

आमचं नॉटिंगहॅमचं मंडळ कुठंही जाऊन आलं की धड फोटो दोन-चारच येतात, पण किस्से ठेवायला घरात जागा उरत नाही. फोटो रिया, माझी नात, कॉम्प्युटरवर घालते. किस्से कुठं घालायचे? फोनवर सांगून सांगून माझा घसा बसलाय, आणि दर वेळी डॉक्टर लिमये मधे तोंड घालून त्यात स्वतःच्या सोयीचे बदल करतात. म्हणून म्हटलं, आपणच लिहून टाकावं. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. वाचायला शिकले ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि नवऱ्याच्या शिळ्या पेपरांवरून. शुद्धलेखनाच्या चुका काढणाऱ्यांनी खुशाल काढाव्यात. गोष्टीत चूक सापडायची नाही.

मंडळ म्हणजे शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये जमणारी आम्ही म्हातारी मराठी माणसं. डॉक्टर लिमये आमचे अध्यक्ष. निवडणूक कधी झाली ते कुणाला आठवत नाही. मला सगळे अक्का म्हणतात. आणि विमल ही माझी मैत्रीण. होजिअरीच्या कारखान्यात आम्ही शेजारशेजारच्या मशीनवर बसलो, तेव्हापासून एकमेकींना घालूनपाडून बोलतोय.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. वसंतात विमल हॉस्पिटलमधून घरी आली आणि मला म्हणाली, "अक्के, पुढच्या वर्षीच्या ट्रिपला माझं नाव घालू नकोस."

मी गप्प बसले हे बघून तीच घाबरली.

"बाकी कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. "पण या वर्षी मला किल्ला बघायचाय. स्कॉटलंडचा. बिस्किटांच्या डब्यावर असतो तसला. इतकी वर्षं त्या डब्यात तूरडाळ ठेवतेय, आत काय असतं ते एकदा बघू दे."

"बघशील," मी म्हटलं. "तुझी व्हीलचेअर मी ढकलणार. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही."

एवढा शब्द देऊन बसले. तो पाळताना काय काय झालं, ते पुढे.

* * *

किल्ला म्हटल्यावर डॉक्टरांच्या अंगात आलं. लहानपणी त्यांनी पुण्याच्या आसपासचे गड केलेले. घरोघरी फोन करून सांगितलं, "किल्ला म्हणजे चढण. बूट चांगले घ्या. काठी घ्या. पाणी वर मिळेलच असं नाही." झालं. आमच्या बायका, ज्या बसस्टॉपपर्यंत चालत नाहीत, त्यांनी घोट्यापर्यंतचे बूट घेतले. लिमयेवहिनींनी मीठ-साखरेच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या. एकानं दोर आणला होता. कशाला, ते त्यालाही सांगता येईना.

एक मुक्काम वाटेत करून दुसऱ्या दिवशी कोच डनवॅरिकला पोचला. खाली उतरून बघतो तर सपाट कारपार्क. पुढे हिरवळ. हिरवळीच्या टोकाला किल्ला, डब्यावरच्यासारखा, बारीक बारीक मनोरे असलेला. बुरूज नाही, माची नाही, चढ तर नाहीच नाही. तिकिटाच्या खिडकीशी आतल्या दिवाणखान्याचा फोटो लावलेला. त्यात गालिचा, सोफा आणि सोफ्यासमोर टीव्ही.

डॉक्टर काठी टेकत खिडकीशी गेले. "हाच किल्ला?"

"हाच," आतली पोरगी म्हणाली.

"तटबंदी कुठं आहे?"

"टीरूमच्या मागे कुंपण आहे."

"आणि चढायचं कुठून?"

"वर बेडरूम आहेत ना," ती म्हणाली. "जिना आहे."

मी तर थक्क. आपल्याकडे किल्ल्यात वटवाघळं राहतात, इथं कुटुंब राहतं, आणि संध्याकाळी टीव्ही बघतं! मी डॉक्टरांना विचारलं, "आपलेच किल्ले तेवढे पडके कसे हो?"

"आपले यांनीच पाडले," डॉक्टर म्हणाले, आणि गुपचूप काठीची घडी घालू लागले.

* * *

येणाऱ्यांसाठी बाजूच्या मनोऱ्यातलं दार होतं. आत गोल गोल दगडी जिना आणि पहिल्याच पायरीपासून लाल गालिचा. दाराशी स्कॉटिश चौकड्यांचा स्कर्ट घातलेली एक बाई पाहुण्यांना आत सोडत होती. वयानं आमच्यातलीच.

लिमयेवहिनी पायरीपाशी थबकल्या. लोकाच्या घरात, नव्या गालिच्यावर, चिखलाचे बूट? त्या खाली वाकल्या आणि नाडी सोडू लागल्या. त्यांच्यामागच्या बायकांनीही बूट काढायला सुरुवात केली. मग पुरुषांनी. एवढे महागाचे बूट, एक पायरी न चढता, किल्ल्याच्या दाराशी ओळीनं लागले.

स्कर्टवाली बाई छातीवर हात ठेवून बघत राहिली. "तुम्ही हे करायची काही गरज नाही," ती परत परत सांगत होती.

"असू दे हो, गालिचा खराब होतो," वहिनी तिला चक्क मराठीत म्हणाल्या, आणि जिना चढून गेल्या.

आमच्यामागं एक जर्मन जोडपं होतं. त्यांनी बुटांची रांग बघितली, एकमेकांकडे बघितलं आणि मुकाट्यानं बसून बूट काढले. त्यांच्यामागच्यांनी त्यांचं बघून काढले. नियमच आहे असं सगळ्यांना वाटलं. तासाभरानं तो ढीग हिरवळीपर्यंत आला होता, आणि मी बघते तर ती स्कर्टवाली बाई स्वतः मोज्यांवर उभी.

* * *

मी हे तासाभरानंही बघत होते, कारण मी आणि विमल बाहेरच होतो.

झालं असं. गोल जिन्यानं व्हीलचेअर जाणार कशी? स्कर्टवाली बाई गोड हसून म्हणाली, "व्हीलचेअरची सोय आहे. मागून या. स्वयंपाकघराचं दार. पूर्वी नोकरमाणसं वापरायची ते."

मी ब्रेक लावला.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझी आई गावात पाटलांकडे सरपण टाकायला जायची. मागच्या दारानं. भाकरी मिळायची ती वरून पदरात टाकलेली, हाताला हात लागू नये म्हणून. मी शेजारी उभी असायची. शाळा मला कुणी शिकवली नाही, पण एक धडा माझा मी शिकले की कुणाच्याही घरात मागच्या दारानं पाऊल घालायचं नाही. नॉटिंगहॅमला कारखान्यात नोकरी धरली तीसुद्धा आधी त्याचं गेट बघून आल्यावर. मालक आणि कामगार एकाच गेटनं जात होते, तेव्हा होकार दिला.

"आजी, प्लीज," रिया म्हणाली. ती इथंच जन्मलेली, बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, खास आमच्यासाठी रजा टाकून आलेली. "हा दार आता ॲक्सेसचा आहे. रॅम्प आहे. कोणी इन्सल्ट नाही करत."

"करत नसतील. मी जाणार नाही."

"अगं, मी जाते ना विमलआजीला घेऊन."

त्यावर विमल उसळली. "तू नको. ही ढकलणार म्हणाली होती, हिनं ढकलायचं." मग माझ्याकडे वळून, "अक्के, माझीपण आई मागच्याच दारी उभी असायची. म्हणून मी काय जगातली सगळी स्वयंपाकघरं टाळत बसू? मला आत जायचंय. मला पुढचं वर्ष नाही."

रियाला वाटलं ती ट्रिपबद्दल बोलतेय.

मी म्हटलं, "दुसरं काहीही सांग."

"दुसरं काही नकोय."

अशा आम्ही दोघी बाकाशी, तोंडं दोन दिशांना. किल्ला चारला बंद होणार होता.

* * *

जेवायला मंडळ मोजे घालूनच हिरवळीवर आलं. डब्यांतून थालीपीठं निघाली, ठेचा निघाला. आमच्याबद्दल डॉक्टरांना कळलं तसे ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"अक्का, एकविसावं शतक आहे. दार म्हणजे लाकूड. दाराला काय जात असते?"

"दाराला नसते, डॉक्टर. कुणाला कुठलं दार दाखवायचं हे ठरवणाऱ्याला असते."

डॉक्टरांनी विषय बदलला. त्यांना किल्ल्यासमोर सगळ्यांचा फोटो काढायचा होता, आणि नेमकी मधे एक म्हातारी माळीणबाई वाळलेल्या पानांनी भरलेली एकचाकी गाडी घेऊन उभी. कोपरावर फाटलेला स्वेटर, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, सोबत दोन कुत्री. "एक्सक्यूज मी, जरा बाजूला होता का?" डॉक्टर म्हणाले. ती झाली. मग तिच्याच हातात कॅमेरा देऊन त्यांनी तिला फोटो काढायला लावला. तिनं काढला. थँक यू म्हणून डॉक्टरांनी खाल्लेल्या केळ्याचं साल तिच्या गाडीत टाकलं. पानंच होती ना.

ती माझ्या बाकाशी येऊन टेकली. मी थालीपीठ पुढे केलं. आमच्या नॉटिंगहॅमला माणसाला प्रेमानं 'डक' म्हणतात, बदक. कारखान्यात मी शिकले ती इंग्रजी तीच. म्हटलं, "खा गं माझे डक, उन्हात राबतेस." तिनं ठेच्यासकट खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसरं मागितलं.

"तुम्ही आत का नाही गेलात?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. आईचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं. तिनं चावणं थांबवून ऐकलं.

तेवढ्यात मोज्यांवरची ती स्कर्टवाली बाई धावत आली. "युअर लेडीशिप, फोन आहे तुम्हाला."

आम्ही सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. लेडीशिप कोण ते शोधायला. रबरी बूटवाली उठली, हात स्वेटरला पुसले आणि म्हणाली, "नंतर करते म्हणावं."

किल्ल्याची मालकीण!

वहिनींच्या हातातला डबा तसाच राहिला. मी तिला बदक म्हटलं होतं, पण मी डगमगले नाही. ती डगमगली नव्हती तर मी कशाला? डॉक्टर मात्र उठले, हळूच त्या गाडीपाशी गेले, पानांत हात घालून केळ्याचं साल शोधून काढलं, आणि आता त्याचं काय करायचं ते न सुचून कोटाच्या खिशात ठेवलं.

* * *

"मला एक सांगा," ती मालकीणबाई मला म्हणाली. "तुम्हाला वाटतं मी कुठल्या दारानं जाते?"

"पुढच्या."

"लग्न होऊन आले तेव्हापासून स्वयंपाकघराच्या दारानं. माझा नवराही तिथूनच जायचा. या घराचं पुढचं दार दोनच कामांसाठी उघडतं. घरात नवरी आली की आत येताना. आणि घरातलं कुणी गेलं की शवपेटी बाहेर काढताना. मी त्यातून एकदाच गेलेय. पुढच्या वेळी चालत नसेन."

रिया मराठीत सांगू लागली, पण विमलला सगळं कळलं होतं. ती खुर्चीत ताठ झाली.

"मग सांग तिला," विमल म्हणाली, "नवरी आलीय म्हणून."

मी सांगितलं. मालकीणबाईनं विमलकडे बघितलं. गुडघ्यांवर शाल, पांढरे केस, तोंडात थालीपीठ. मला वाटलं, आता हसून उडवून लावणार. ती म्हणाली, "माझ्यानंतर इथं कुणी आलं नाही. दार वाट बघून कंटाळलं असेल."

त्या दारापर्यंत घोडागाडीसाठी केलेला दगडी उतार होता. व्हीलचेअर सहज गेली. दार हटेना. आमचा कोच ड्रायव्हर तेल घेऊन आला, मंडळातल्या दोघांनी खांदा लावला, वरून एक वाळकं घरटं पडलं, आणि दार उघडलं. मी ब्रेक सोडणार, तोच आमच्या बायका आडव्या आल्या.

"नाव घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही!"

वहिनींनी उंबऱ्यावर माप ठेवलेलं. तांदूळ कुठले? प्लॅस्टिकच्या कपात चिवडा.

"आमच्यात हे नसतं," मी म्हटलं. "आम्ही बुद्धाची माणसं."

"तू गप्प बस," विमल म्हणाली. "लग्न माझं आहे." आणि पदर डोक्यावर घेऊन, दिनकररावांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी लाजून, तिनं नाव घेतलं:

"किल्ल्याचा उंबरा उंच, पायांत नाही जोर,
दिनकररावांचं नाव घेते, ढकलणारी शिरजोर!"

मी खुर्ची पुढे लोटली. खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीनं कप उडाला, चिवडा पुढच्या दालनात सांडला. मालकीणबाई कधी विमलकडे, कधी चिवड्याकडे बघत उभी. कुत्र्यांनी माप साफ केलं.

* * *

आत मालकीणबाईनं स्वतः फिरवलं. विमलनं सोफ्याला हात लावून बघितला, पडद्याचं कापड दोन बोटांत धरून त्याचा धागा तपासला, आणि भिंतीतल्या शेकोटीपुढे खुर्ची थांबवून म्हणाली, "थंडीच्या दिवसांत यांचं कठीण असणार." मी ते इंग्रजीत सांगितलं. आजवर इतकं खरं कुणी बोललं नव्हतं अशा नजरेनं मालकीणबाईनं तिच्याकडे पाहिलं.

एका काचेच्या कपाटात तलवार होती. मूठ आपल्याकडची, बघताक्षणी कळेल अशी. खाली पाटी, 'भारतातून भेट मिळालेली'. वाचता मला चांगलं येतं.

"कुणाला भेट मिळाली?"

"माझ्या नवऱ्याच्या पणजोबांचे वडील तिकडे फौजेत होते," ती म्हणाली. "घरात तसंच सांगतात."

"भेट देणारा त्या वेळी जिवंत होता का?"

डॉक्टर खोकले. रियानं डोळे मिटून घेतले.

मालकीणबाईनं तलवारीकडे बघितलं. "मलाही तीच शंका होती," ती म्हणाली. "पण सून म्हणून विचारलं नाही."

* * *

चार वाजत आले. आम्ही सगळे पुन्हा पुढच्या दालनात जमलो. दार उघडंच होतं, बाहेर उतार, त्यापलीकडे ड्रायव्हरनं कोच आणून लावलेला. सगळ्यांचे बूटही त्यानं उचलून तिथंच मांडलेले.

कुणी हलेना.

"हेच ना ते दार?" डॉक्टरांनी हळूच विचारलं. "म्हणजे आत येताना नवरी. आणि बाहेर जाताना..."

"शवपेटी," रिया म्हणाली. तिला त्यात काही वाटलं नाही.

डॉक्टर हसले. जरा जास्तच हसले. "अर्थात आपण असलं काही मानत नाही. पण मला यांचं ते जुनं स्वयंपाकघर बघायचं राहिलंच. ऐतिहासिक आहे म्हणे." आणि निघाले. वहिनी त्यांच्यामागून. मग एकाला बाथरूम आठवली, दुसरीला पाणी प्यायचं होतं. बघता बघता एकविसाव्या शतकातलं आमचं सगळं मंडळ, मोज्यांच्या पायांनी, नोकरांच्या दारानं बाहेर पडायला गेलं. रियाही सगळ्यांना गोळा करायला त्यांच्यामागून गेली.

मालकीणबाई गोंधळली. "माझं काही बोलण्यात चुकलं का?"

"नाही गं," मी म्हटलं.

मी एकटी असते तर त्या दारातून छाती काढून गेले असते. मेल्यावर कुठल्या दारानं नेतात ते बघायला आपण नसतो, असं मी मंडळातल्या भाषणात सांगत आलेय. पण माझ्या हातात व्हीलचेअर होती. विमल पुढे बघत होती, दारातून, डोंगराकडे. हॉस्पिटलात तिला काय सांगितलंय ते त्या सबंध किल्ल्यात दोघींनाच माहीत होतं.

मी खुर्ची वळवली. स्वयंपाकघराच्या बाजूला.

विमलनं हात खाली नेऊन चाक घट्ट धरलं.

"कुठं निघालीस?"

"इकडून जवळ पडतं."

"तुला?" ती म्हणाली. "मागच्या दारानं?"

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग चाक सोडलं, शाल सारखी केली आणि उघड्या दाराकडे बोट दाखवलं.

"तिकडून ढकल, अक्के. रंगीत तालीम होऊन जाऊ दे."